टेबल एक, ताटं वेगळी

बाराला अजून दहा मिनिटं आहेत. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या बऱ्याच टेबलांवर माणूस नाही, तरी बसायला जागा नाही. एका टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट पडलंय, दुसऱ्यावर मिटलेली छत्री, तिसऱ्यावर कुणाचं तरी ऑफिसचं ओळखपत्र, गळ्यातल्या पट्ट्यासकट. ताई छत्री उचलून बाजूला ठेवायला जाते, तसा भाचा तिचा हात धरतो.

"आई, राहू दे. ते टेबल गेलंय."

"गेलंय म्हणजे? कोणी बसलेलं नाही तिथं."

"छत्री बसलीय ना."

पंख्याखालचं एक टेबल त्याला दिसतं. खिशातून टिश्यूचं पाकीट काढून तो मधोमध ठेवतो आणि आम्हाला तिथून हलवतो. ताईचा जीव त्या टेबलात अडकलेला, ती मागे वळून वळून बघते. पाकिटाला कोणी हात लावत नाही.

भाचा इथे सिंगापुरात नोकरीला आहे, ऑफिस चालत दहा मिनिटांवर. आज त्याच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याचे पाहुणे. मॅक्सवेल म्हणजे चहूबाजूंनी उघडी, उंच छपराची शेड. एकेकाळी इथे भाजी-मासळीचा बाजार भरायचा, आता खाण्याची शंभराच्या आसपास दुकानं तीन रांगांत मांडलेली आहेत. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, पुढे काचेचं कपाट, वर उजेडाची पाटी, त्यावर पदार्थांचे फोटो आणि किमती. छताचे पंखे जोरात फिरतात आणि गरम हवाच इकडची तिकडे करतात. आल्या-लसणाचा, तळणीच्या तेलाचा, सुक्या मासळीचा वास एकमेकांत मिसळलाय. मागे टांजोंग पगारच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथून बाह्या दुमडलेली माणसं थव्याथव्याने आत येतायत. सव्वाबाराला उभं राहायलाही जागा उरत नाही.

इथली ही दुकानं मुळात रस्त्यावरची. १९६८-६९ साली सिंगापूर सरकारने बेटावरच्या एकूण एक फेरीवाल्यांची नोंद केली, तेव्हा आकडा अठरा हजारांच्या घरात गेला. मग नळ, मोऱ्या, वीज, कचऱ्याची सोय असलेली केंद्रं बांधत गेले आणि एकेका रस्त्यावरचे गाडे उचलून तिथे बसवत गेले. १९८६पर्यंत रस्ते मोकळे झाले. माणसं तीच राहिली, पदार्थ तेच राहिले, भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या वारशात केली. आपल्याकडे फेरीवाल्यांसाठीचा कायदा २०१४ साली आला. त्यापुढे काय झालं ते आपल्या स्टेशनबाहेर उभं राहिलं की दिसतं.

सगळ्यांत लांब रांग तिआन तिआनपुढे आहे. हैनानी चिकन राइसचं हे दुकान जगभरच्या खवय्यांना पाठ आहे. २०१३ साली गॉर्डन रॅमसे या नामांकित ब्रिटिश शेफशी पाककृतीची चुरस लागली, तेव्हा चिकन राइसच्या फेरीत जिंकलं ते हे दुकान. चार पावलांवर ‘आह ताई’ नावाचं दुकान आहे. तिथला स्वयंपाकी पूर्वी इथेच होता. दोन्ही दुकानांचे पक्षधर आहेत आणि ते आपली रांग सोडत नाहीत. मी तिआन तिआनच्या रांगेत आहे. ताई शेजारी उभी राहून सोबत करतेय आणि आठवणही करून देतेय.

"श्रावण आहे."

"ताई, श्रावण तिकडे आहे."

"श्रावण सगळीकडे असतो."

रांग पुढे सरकते आणि काचेपलीकडचं काम अगदी जवळून दिसायला लागतं. आकड्यांना आख्ख्या कोंबड्या टांगल्यात, फिकट आणि तुकतुकीत. तंदुरीच्या लालभडक रंगाला सरावलेल्या डोळ्यांना त्या कच्च्याच वाटतात. त्या खळखळ उकळलेल्या नसतात. पाण्याला जेमतेम हालचाल असते एवढ्याच आचेवर शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे मांस मऊ राहतं आणि कातडीखाली पातळ जेलीचा थर धरतो. ओंडक्याच्या गोल फळीपुढे उभा माणूस आकड्यावरून एक कोंबडी उतरवतो, रुंद सुरा हाडाच्या सांध्यावर बरोबर बसवतो, वरून तळहाताचा एक दणका. मग सुरा आडवा घालून कापलेले तुकडे एकाच हालचालीत उचलतो आणि भाताच्या मुदीवर उलटे पसरतो. तोवर दुसऱ्या हाताने पुढची कोंबडी उतरलेली असते. तो मान वर करत नाही, बोलत नाही. बोलण्याचं काम गल्ल्यावरच्या बाईंकडे आहे आणि त्याही दोनच शब्द बोलतात: किती, कोणता.

पाच-सहा डॉलरांत एक ताट हातात येतं. सिंगापूर डॉलरला पासष्ट-सत्तर रुपये धरून ताई मनात गुणाकार करते. "चारशेच्या आसपास पोटभर? आणि परवा त्या हॉटेलात नुसत्या डाळीचे अकराशे घेतले."

"ते रेस्टॉरंट होतं, आई. तिथे खुर्चीचे, एसीचे, सर्व्हिसचे आणि वर कराचे पैसे लावतात."

टेबलापाशी येतो तर पाकीट जागच्या जागी आहे आणि भाच्याचे दोन सहकारी येऊन बसलेत. एक चिनी मुलगा आणि एक मलाय मुलगी, डोक्याला फिकट निळा स्कार्फ. मुलाच्या वाडग्यात नूडल्सवर डुकराच्या मांसाचे लालसर काप आहेत. मुलीपुढे नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बाजूला तळलेल्या चिमुकल्या सुक्या मासळ्या, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, अंडं आणि गडद लाल सांबल चटणी. माझ्या हातात कोंबडी. ताई या तिन्ही ताटांकडे बघते, मग भाच्याकडे.

"मी कुठं बसू?"

"इथंच. तुझं घेऊन येतो."

तो रस्ता ओलांडून जातो. समोर बुद्धदंत मंदिर आहे, तांग घराण्याच्या शैलीतलं, पण २००७ साली उभं राहिलेलं. त्याच्या तळघरात शाकाहारी जेवण मिळतं. याच साउथ ब्रिज रोडवर थोडं पुढे १८२७ सालचं श्री मारिअम्मन मंदिर आणि त्याच्या शेजारी तमिळ मुसलमानांची जामे मशीद. सकाळी आम्ही तिथूनच चालत आलो. फूटपाथच्या कडेला जागोजागी संत्री, भाताचे वाडगे, पेटत्या उदबत्त्या आणि जळालेल्या कागदांची राख होती. ताईने तिथेच विचारलं होतं, "हे श्राद्ध आहे का?" जवळपास तेच. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात पितर आणि बेवारस भुतं जेवायला खाली येतात अशी इथली समजूत आहे. आपला श्रावण आणि त्यांचा हा महिना बहुतेक वर्षी जोडीनेच येतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते त्याच सुमारास यांची भुतांची पौर्णिमा.

भाचा डबा घेऊन परततो. झाकण उघडल्यावर आत भात, मशरूमचं कालवण, परतलेली कोबी आणि बदकाच्या भाजलेल्या मांसासारखे दिसणारे तीन तुकडे, वर कातडीसुद्धा. ताई खुर्ची मागे सरकवू बघते, पण खुर्ची जमिनीत पक्की बसवलेली आहे.

"हे काय आणलंस?"

"सोया आणि गव्हाचं आहे सगळं. मांस नाही, अंडं नाही. कांदा-लसूणही नाही."

"कांदा-लसूण नाही? चातुर्मास पाळतात का हे लोक?"

"कायमचाच. बौद्ध भिक्षूंच्या नियमात पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य आहेत. लसूण, कांदा आणि त्यांचीच भावंडं. त्या यादीत हिंगसुद्धा आहे."

कांदा-लसणाबद्दल पसंतीची मान हलवणारी ताई हिंगापाशी थांबते. "हिंगाशिवाय फोडणी देतात?" हा प्रश्न भाचा सहकाऱ्यांना इंग्रजीत सांगतो. मलाय मुलगी हिंग म्हणजे काय ते विचारते. चिनी मुलगा सांगतो की त्याची आजी महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या नि पौर्णिमेच्या सुमारास, मांसाला शिवत नाही आणि त्या दिवशी शाकाहारी दुकानांपुढे हीऽऽ रांग लागते. ताईला ही आजी पटते. ती सोयाचं बदक काट्याने उलटंपालटं करून बघते, कोपरा तोडून चाखते आणि निकाल देते, "चव बरी आहे. पण हे सोंग कशाला?"

जेवण सुरू होतं. माझ्या भाताला कोंबडीच्या चरबीचा, आल्या-लसणाचा आणि पांदानच्या पानाचा वास आहे. भात त्या कोंबडीच्याच रश्शात शिजवलेला. खरी कमाल या भातातच आहे, कोंबडी त्याच्या सोबतीला. मिरची, आलं आणि लिंबाची आंबट-तिखट चटणी घातली की फिकट दिसणारं ते ताट एकदम जागं होतं. चीनमधल्या हैनान बेटावरून आलेली माणसं सिंगापुरात इतरांच्या मानाने उशिरा पोचली. व्यापाराच्या जागा आधीच्यांनी धरलेल्या. मग ती इंग्रजांच्या घरांत नि हॉटेलांत स्वयंपाकी झाली आणि तिथून बाहेर पडून त्यांनी आपली दुकानं थाटली. आज या ताटाला राष्ट्रीय पदार्थाचा मान आहे. आणि कोंबडी मात्र परदेशची. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणतं. १ जून २०२२ला मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा याच रांगांमधून काळजीचे चेहरे उभे होते.

जेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात येते. इथे कोणी कोणाला "थोडं चाखून तर बघ" म्हणत नाही. आपल्याकडे एका टेबलावर बसलो की आग्रह सुरू होतो, नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि कारणातून जात, धर्म, उपास सगळं निघतं. इथे मलाय मुलगी मुलाच्या वाडग्याकडे बघत नाही, मुलगा तिला देऊ करत नाही, आणि दोघं कुठल्याशा साहेबाच्या नावाने पोट धरून हसतायत. ताईनेही आता खुर्ची मागे ओढायचं सोडून दिलंय.

याची व्यवस्था टेबलावरून उठल्यावर दिसते. खांबाला लागून ट्रे ठेवायच्या फळ्या आहेत. एकीवर हलाल अशी पाटी, दुसरीवर नॉन-हलाल. हलाल दुकानांचे ट्रे वेगळ्या रंगाचे, त्यांची भांडी वेगळी धुतली जातात. मुलगी आपला ट्रे एका फळीवर सरकवते, मुलगा दुसऱ्या. दोघं पुन्हा येऊन त्याच टेबलावर बसतात. ताटं वेगळी ठेवण्याची हमी पक्की आहे, म्हणून टेबल एक ठेवता येतं. आपण नेमकं उलटं करतो. टेबलं, पंगती, कधीकधी वसाहतीसुद्धा वेगळ्या करतो आणि मोरीत भांडी कशी धुतली जातात त्याचा पत्ता नसतो.

कॉफी पेयांच्या दुकानातून येते. आजोबांच्या वयाचा माणूस कापडाच्या लांब गाळणीतून काळी कॉफी ओततो. बिया साखर आणि मार्गारिन घालून भाजलेल्या असतात, त्यामुळे कॉफीला जळक्या गुळाची झाक आहे. खाली दाट गोड दूध. ऐकायला गंमत अशी की गिऱ्हाईक एका दमात मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी म्हणतं आणि बरोबर तसाच कप येतो: दूध हवं की नको, साखर कमी की अजिबात नाही. सगळे त्या माणसाला अंकल म्हणतात. त्याच्या मागे हाताखाली कोणी पोरगेलं दिसत नाही. शेजारच्या दुकानात बाई आहेत, त्याही सत्तरीच्या. सिंगापुरात हॉकरांचं सरासरी वय साठीच्या आसपास आलंय. पहाटे उठून रस्सा उकळायचा आणि बारा-बारा तास चुलीपुढे उभं राहायचं, हे पोरांना नको आहे. त्यांनी आईबापांच्या याच कमाईवर शिकून समोरच्या काचेच्या इमारती गाठल्यात. नव्या लोकांना कमी भाड्यात दुकान चालवून बघू देण्याच्या सरकारी योजना आहेत. पण पाच डॉलरांत ताट विकायचं आणि ऑफिसातल्याइतकं कमवायचं, हे गणित सुटत नाही.

शेवटी गोड. भाचा एका दुकानातून शेंगदाण्याचं सूप आणतो. कोमट, पांढुरकं, गोडसर पाणी, त्यात तास न् तास शिजून लोण्यासारखे झालेले दाणे आणि चार गुळगुळीत पांढरे गोळे. गोळा चमच्यावर घेतला की हलतो. दाताखाली चिकट तांदळाचं पातळ आवरण फुटतं आणि आतून काळ्या तिळाचं गोड सारण जिभेवर येतं, गरम. ताई एक गोळा अर्धा तोडून आत बघते.

"अरे, हा तर उकडीचा मोदक. नुसता तळ्यात पडलाय."

ती दोन गोळे खाते. मग तिसरा. चातुर्मासात चालणारा पदार्थ परदेशात आयता मिळाल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसतंय.

संध्याकाळी साताला आम्ही लाउ पा सात या दुसऱ्या हॉकर सेंटरला येतो. १८९४ सालची अष्टकोनी इमारत, ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब ग्लासगोहून आणलेले. १९८६ मध्ये खालून मेट्रोचं काम जायचं म्हणून सगळा सांगाडा सुटा करून ठेवला आणि १९८९पर्यंत पुन्हा जोडला. दिवसभर बाजूच्या बून टाट रस्त्यावरून गाड्या जातात. आता दोन्ही टोकं बंद झालीयत, डांबरावर प्लास्टिकची टेबलं पसरलीयत आणि कडेने साते, म्हणजे काडीला ओवलेलं मांस, भाजणाऱ्यांचे गाडे लागलेत. निखाऱ्यावर काड्यांची झालर पसरलेली, एक माणूस पंख्याने वारा घालतोय, दुसरा लेमनग्रासच्या काडीने तेल शिंपडतोय. धूर थेट डोळ्यांत. भोवती बँकांचे मनोरे, त्यांच्या खिडक्यांत अजून दिवे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, दाण्याची दाट चटणी, कच्चा कांदा, काकडी आणि पानात गुंडाळून शिजवलेल्या भाताच्या वड्या. इथे मात्र मेनूकार्ड नाचवत गिऱ्हाईक ओढणारे आहेत आणि भावही दुपारच्यापेक्षा चढे आहेत. पर्यटकांची जागा आहे, ती तशीच वागते.

तेवढ्यात मराठी कानावर पडतं. एकसारख्या टोप्या घातलेला एक गट झेंडा धरलेल्या माणसामागून येतो. काका-काकू, नवी जोडपी, दोन आज्या. पंधरा मिनिटं दिलीयत. ते धुराचे फोटो काढतात, खांबांचे काढतात, एकमेकांचे काढतात. एक काका साते भाजणाऱ्यासमोर रेंगाळतात, भाव विचारतात, खिशाकडे हात जातो. झेंडेवाला हाक मारतो, "चला, बस लागलीय. डिनर तयार आहे." ताई एका आजींना विचारते, काय आहे जेवायला? आजी कंटाळलेल्या आवाजात सांगतात, "रोजचंच हो. पनीर, जिरा राइस, दाल. परदेशात आलोय असं जेवताना वाटतच नाही." काका वळून वळून निखाऱ्याकडे बघत बसकडे जातात.

सहल-कंपन्यांचा हिशोब मी समजू शकतो. चाळीस माणसांत शाकाहारी, जैन, मधुमेही, उपासवाले असतात. एका भारतीय हॉटेलात सगळ्यांची सोय लागते आणि कुणाची तक्रार येत नाही. पण लाखभर रुपये खर्चून जाणाऱ्या माणसाने त्या देशाची एकही चव न घेता परत यावं, ही सोय नाही, नुकसान आहे. बाटण्याच्या भीतीने हे होतं, असं आपण म्हणतो. ताईने एका दुपारी कोणतंही व्रत न मोडता ती भीती खोटी ठरवली.

म्हणून सिंगापूरला जाणार असाल तर कंपनीला सांगून एक दुपार तरी स्वतःसाठी मोकळी ठेवा. मॅक्सवेलला जा, नाहीतर मुक्कामाजवळ जे हॉकर सेंटर असेल तिथे. साडेअकराच्या आत पोचा, सुटे पैसे आणि टिश्यूचं पाकीट जवळ असू द्या. शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही. डुकराची चरबी, सुक्या कोलंबीची बेलाचान आणि ऑयस्टर सॉस, या तिन्हींची नावं घेऊन विचारा, किंवा सरळ चिनी शाकाहारी दुकान शोधा. तिथे तुमच्या आजीलाही बिनधास्त बसवता येईल. आणि उठताना आपला ट्रे उचलून योग्य फळीवर ठेवा. पहिल्यांदा विसरलात तर लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा विसरलात तर दंड तीनशे डॉलरचा आहे.